मक्त्याच्या वावरात विहीर



मध्यंतरी दोन महिने इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग लग्नसराई, मग ऊन. आर्णीचं ऊन ज्याला माहीत आहे तो जास्त विचारणार नाही. आज मात्र भांडायला बसले आहे. भांडण माझ्या पुतण्याशी आहे आणि तो ही जालनिशी वाचतो हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, बाबू, राग मानू नकोस. तू एकटा असतास तर फोनवरच बोलले असते. तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून चारचौघांत बोलते आहे.

झालं असं की एका लग्नात आमची भेट झाली. जेवणं आटोपली होती. तो म्हणाला, "काकू, त्या वहीसाठी तुम्ही सर्व्हर घेतलाय म्हणे. दर महिन्याला पैसे भरता. कशाला हा खटाटोप? आता एक नवीन सेवा आली आहे, फुकट आहे, मस्त आहे. तिथं टाकून देऊ सगळं. ती बंद पडली तर पुढची शोधू." भोवतालच्या चौघांनी माना डोलावल्या. माझ्या हातात आइस्क्रीम होतं म्हणून मी गप्प बसले. आता हातात काही नाही.

ज्यांना 'वही' माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००९ मध्ये मी शाळेतून निवृत्त झाले. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, आम्ही काही नातेवाईक आणि जुन्या सहकारी शिक्षिका मिळून जालावर एक सामायिक वही उघडली. सगळ्यांनी एकाच पानावर लिहायचं, एकमेकांचं दुरुस्त करायचं, बाजूच्या समासात आपलं मत टाकायचं. अशी सोय देणारी एक फुकट सेवा तेव्हा होती. तिचं नाव घेत नाही. विषय वऱ्हाडी शब्दांचा. तेही शब्दकोशातले नाहीत, आपल्या घरातले, वावरातले. पऱ्हाटी, फरदड, सीतादही, डवरणी, सालदार, भेद्रं, सांबार (पुण्याच्या सुनांना हा सांबार म्हणजे कोथिंबीर हे दर वेळी सांगावं लागतं), पोळ्याच्या झडत्या, लग्नातले रुसवे. एक-एक करत ४१२ पानं झाली. लिहिणारे आम्ही २३ जण, आर्णीपासून अमेरिकेपर्यंत.

यात सर्वांत जास्त भर कोणी घातली? ज्यांना संगणक लावतासुद्धा येत नव्हता त्यांनी. आमच्या मोठ्या जाऊबाईंनी. त्या खाटेवर बसून सांगायच्या आणि मी टंकायची. 'उलंगवाडी' या पानावर मी मास्तरणीच्या थाटात लिहिलं होतं: कापसाची शेवटची वेचणी संपून हंगाम आटोपणे. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढंच का वं? उलंगवाडी झाली की वावरात ढोरं सुटत होती. उरलीसुरली बोंडं कोणीही वेचून न्यावी, आपल्या घरी कोणाले मनाई नव्हती. हे काऊन नाही लिहिलं?" ते मी समासात त्यांच्या नावाने लिहिलं. त्यावर नागपूरच्या नणंदेने लिहिलं की आमच्या सासरी मनाई होती. त्यावर आणखी तिघांनी. पानावर अर्थ एका ओळीत होता. शब्दाचा खरा संसार समासात मांडलेला होता.

जाऊबाई २०२१ मध्ये गेल्या. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत विरोप आला.

विरोप इंग्रजीत होता. फार गोड भाषा. तुमच्यासोबतचा हा प्रवास आम्हाला किती आनंदाचा वाटला वगैरे. मग तिसऱ्या परिच्छेदात खरी गोष्ट: नव्वद दिवसांनी सेवा बंद, त्यानंतर सर्व माहिती कायमची नष्ट. सेवा बंद करण्याला या कंपन्यांच्या इंग्रजीत 'सूर्यास्त' म्हणतात हे मला भाच्याने सांगितलं. मी तीसेक वर्षं भाषा शिकवली, पण इतका खोटा शब्द क्वचित पाहिला. सूर्य मावळला तर दुसऱ्या दिवशी उगवतो. हा उगवत नाही. आणि सूर्य कोणाच्या नफ्या-तोट्याचा हिशेब बघून मावळत नाही.

तुम्ही म्हणाल, एखादी सेवा बुडाली, त्यात काय एवढं? एखादी असती तर मीही गप्प बसले असते. जिओसिटीज आठवते का? १९९० च्या दशकात लोकांनी तिथे हौसेने आपली पहिली पानं बांधली. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केली. ऑर्कुट तर आपल्या घराघरात होतं. गावाची, शाळेची, आडनावाची, गझलेची, वडापावाची, कशाकशाची मंडळं तिथे होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ते संपलं. गूगल प्लस सर्वसामान्यांसाठी २ एप्रिल २०१९ ला बंद झालं. याहू ग्रुप्स २००१ पासून होते. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं की जुना मजकूर काढून टाकणार, आणि १५ डिसेंबर २०२० ला उरलेलं दुकानही आवरलं. लॉकडाऊनमध्ये कितीतरी शिक्षकांनी जॅमबोर्डवर फळा मांडला होता. तो फळा ३१ डिसेंबर २०२४ ला कायमचा पुसला गेला.

या सगळ्या कंपन्या गरीब होत्या का? नाही. बुडाल्या होत्या म्हणून त्यांनी ही दुकानं बंद केली का? तेही नाही. त्यांना त्यात राम वाटेनासा झाला, एवढंच. तेव्हा "मोठी कंपनी आहे, कुठे जाते" हा युक्तिवाद मला कोणी ऐकवू नये. कंपनी जात नाही हो. आपली वही जाते.

आता बाबूचा मुख्य मुद्दा घेते. "बंद पडली तर पुढची शोधू." म्हणजे सामान उचलायचं आणि दुसऱ्या घरी न्यायचं. ज्याने कधी घर बदललेलं नाही त्यालाच हे सोपं वाटतं. सामान नेताना काय फुटतं ते ज्याने भांडी बांधली त्यालाच कळतं.

आमच्या त्या सेवेने 'तुमची माहिती उतरवून घ्या' असं एक बटण दिलं होतं. आम्हाला हायसं वाटलं. पुण्याचा माझा भाचा संगणकातला आहे. त्याने बटण दाबलं, एक गाठोडं उतरलं. त्यात ४१२ पानं होती, नीट होती. पण समास नव्हते. कोणी काय म्हटलं, कोणत्या तारखेला म्हटलं, कोणाचं खोडून कोणी काय लिहिलं, यातलं काहीच नाही. आमच्या भांडणांतून तयार झालेला निवाडा तेवढा हातात आला, भांडण तिथेच राहिलं. जाऊबाईंचं नाव त्या गाठोड्यात एकदाही नव्हतं. कारण त्या पानावर कधी लिहीत नव्हत्या, समासातच बोलत होत्या.

भाच्याने शोधाशोध केली आणि सांगितलं, "मावशी, समास हातानेच उतरवावे लागतील. एकेक पान उघडून." मग आम्ही शाळेतले पेपर तपासायला वाटून घेतात तशी पानं वाटून घेतली. अक्षरानुसार. अमेरिकेतल्या सुनेने 'क' ते 'घ' घेतलं, नणंदेने 'च' ते 'झ'. रात्री-रात्री बसून सगळ्यांनी उतरवलं. 'प' माझ्याकडे होतं. त्यात 'पोळा' होता, आणि पोळ्याच्या पानांवर जाऊबाई सर्वांत जास्त बोलल्या होत्या. मी तो गोड घास शेवटी ठेवला.

मे महिन्यात, मुदत संपायला तीन दिवस राहिले असताना, आर्णीत मोठं वावधन आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, दोन दिवस वीज नाही, मोबाइलचा टॉवरही गप्प. तिसऱ्या दिवशी दिवे आले तेव्हा मी धावत संगणक लावला. तिथे आमची वही नव्हती. एक पांढरं पान होतं आणि त्यावर आभार मानले होते.

३७३ पानांचे समास आम्ही वाचवले. ३९ पानांचे गेले, आणि ती सगळी माझ्या वाट्याची होती. दोष कोणाचा? वावधनाचा म्हणू शकते. पण खरं सांगू का, आठ दिवस आधी भाच्याने विचारलं होतं, "मावशी, तुमचं होतंय ना? नाहीतर मी घेतो." मी म्हटलं होतं, "होतंय, होतंय." सत्तरीतल्या मास्तरणीला दिलेला गृहपाठ पुरा झाला नाही हे कबूल करायची लाज वाटली. बाबू, ते तुझ्याच आईचे शब्द होते. मला आता त्यातले जेवढे आठवतात तेवढे मी पुन्हा लिहिले आहेत, पण ते माझ्या आठवणीतले आहेत, तिच्या तोंडचे नाहीत. म्हणून मी भांडते आहे. "पुढची शोधू" असं तू सहज म्हणालास, तेव्हा मला ते पांढरं पान दिसलं.

असो. पुढे काय केलं ते सांगते, कारण नुसतं रडून उपयोग नाही.

भाच्याने वही 'डोकूविकी' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. २००४ मध्ये एका जर्मन माणसाने, आंद्रेआस गोर यांनी, ते लिहायला घेतलं. ते फुकट तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते मुक्त आहे. म्हणजे ते आपल्या यंत्रावर बसवता येतं आणि लिहिणाऱ्याने उद्या दुकान बंद केलं तरी आपल्याकडचं चालूच राहतं. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाईल असते. कुठलाही संगणक ती उघडू शकतो. पानाच्या जुन्या आवृत्त्या ठेवायला त्यात एक वेगळी पेटी आहे, तिचं नाव 'अ‍ॅटिक'. म्हणजे आपला माळा! जुनं काही फेकायचं नाही, माळ्यावर टाकायचं. ज्याने हे नाव ठेवलं तो माणूस आपल्यातलाच असणार. :-)

उतरवलेल्या पानांचं रूप बदलायला त्याने 'पॅनडॉक' वापरलं. एका घाटातला मजकूर दुसऱ्या घाटात ओतणारं हे साधन कोणी लिहिलं, तर अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी, जॉन मॅकफार्लेन यांनी. तेव्हा "हे आपलं काम नाही, संगणकवाल्यांचं आहे" असं म्हणणाऱ्या माझ्या बी.ए. झालेल्या मैत्रिणींनी याची नोंद घ्यावी. अडचणीही आल्या. पहिल्यांदा मी फाईलींची यादी बघितली तर मराठी नावांच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांचा नुसता चिवडा. मला वाटलं, गेलं सगळं. पण ते एक कळ बदलून सरळ झालं. समासातलं बोलणं आम्ही आता वेगळं ठेवत नाही. पानाच्या तळाशी, नाव आणि तारीख घालून, मजकुराचाच भाग म्हणून लिहितो. म्हणजे पुढच्या वेळी सामान हलवताना ते मागे राहायला नको.

आता आक्षेप. बाबूने घेतलेले आणि न घेतलेलेही.

पहिला: ते फुकट, हे पैशांचं. खरं आहे. भाड्याच्या सर्व्हरला आम्हाला महिन्याला साडेचारशे रुपये पडतात. २३ जणांत वाटले की माणशी वीस रुपयांच्या आत. आपल्याकडे कास्तकाराला विचारा, मक्त्याने केलेल्या वावरात तो काय काय करतो. पेरतो, डवरतो, खत टाकतो. पण विहीर खोदत नाही. कारण पुढच्या साली वावर कोणाकडे असेल त्याची खात्री नाही. आम्ही बारा वर्षं मक्त्याच्या वावरात विहीर खोदत होतो. मक्ता फुकट होता, म्हणून आम्हाला ते वावर आपलंच वाटलं.

दुसरा: तुमचा सर्व्हरही भाड्याचाच ना? हो, यंत्र भाड्याचं आहे. फरक असा की हा मालक उद्या निघा म्हणाला तर सगळी वही, माळ्यासकट, जशीच्या तशी उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवता येते. भाच्याने मला ते करून दाखवलं. एका दुपारी वही माझ्या घरच्या जुन्या संगणकावर चालू करून दिली, समासातल्या बोलण्यासह. नव्वद दिवस लागले नाहीत, चहा दोनदा झाला. घर बदलणं टळणार नाही, हे मी जाणते. पण सामान माझं असावं आणि कुलूप माझं असावं, एवढंच म्हणणं आहे.

तिसरा: मोठ्या कंपनीकडे दहा प्रती असतात, तुमच्या यंत्राचा भरवसा काय? हा आक्षेप चांगला आहे आणि मी तो मान्य करते. आर्णीत वीज जाते, डिस्क खराब होते, उंदीर तार कुरतडतो. म्हणून रोज रात्री एक प्रत आपोआप भाच्याकडे पुण्याला जाते, आठवड्याला एक माझ्याकडे येते, आणि दर दिवाळीला आम्ही सगळी वही छापून बांधून घेतो. कागदाला पासवर्ड लागत नाही. पण हेही लक्षात घ्या: कंपनीच्या त्या दहा प्रती यंत्र बिघडलं तर वाचवतात. कंपनीनेच पुसायचं ठरवलं, की दहाच्या दहा एकदम पुसल्या जातात.

चौथा, आणि सर्वांत खरा: तुमच्यानंतर कोण बघणार? इथे मी थोडी थबकते. गूगल वेव्हचं उदाहरण भाच्यानेच मला सांगितलं. सगळ्यांनी एकत्र बसून लिहायची ती सोय २००९ च्या मेमध्ये मोठ्या गाजावाजाने दाखवली, २०१० च्या मेमध्ये सर्वांना खुली केली, ऑगस्टमध्ये पुढचं काम थांबवलं आणि ३० एप्रिल २०१२ ला बंद केली. पण जाताना त्यांनी त्याचं सॉफ्टवेअर 'अपाची' या संस्थेकडे सोपवलं. कोणीही घ्या, आपल्या यंत्रावर चालवा. तरी २०१८ मध्ये तो प्रकल्पही गुंडाळला गेला, कारण पुढे नेणारे हात उरले नाहीत. म्हणजे सॉफ्टवेअर हातात आलं एवढ्याने भागत नाही, माणूस लागतो. हे मान्य. पण माणूस तयार करता येतो. आमच्या वहीचे आता तीन किल्लीदार आहेत: मी, भाचा आणि माझी नात. नात अकरावीत आहे. प्रत कशी काढायची, परत कशी बसवायची, ते ती करते. मी गेले तर वहीचं काय करायचं ते एका कागदावर लिहून कपाटात ठेवलं आहे, घराच्या कागदपत्रांसोबत. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या फोटोंबद्दल असं लिहून ठेवलं आहे?

पाचवा आक्षेप नाही, सल्ला आहे, आणि तो रोज मिळतो: "व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढा, तिथेच टाका." अहो, तिथे काल टाकलेलं आज सापडत नाही. तिथे सुप्रभात आहे, वाढदिवस आहेत, फुलं आहेत. बोलायला ती ओटी चांगली आहे. पण ओटीवर कोणी धान्य साठवत नाही.

आता थोडं शाळेबद्दल, कारण त्याशिवाय माझं लिखाण संपत नाही.

शाळेत एक दाखल-खारीज रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं त्या दिवशी त्यात नाव, जन्मतारीख, जात, गाव लिहितात आणि गेलं त्या दिवशी तेही लिहितात. हाजेरीपट काही वर्षांनी नष्ट करता येतात. हे रजिस्टर कधीच नष्ट करायचं नसतं. मुख्याध्यापक बदलले की नव्यांना ते सही घेऊन सोपवायचं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं पान आजही लोक शोधत येतात, दाखल्यासाठी, जात पडताळणीसाठी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुने कागद पुन्हा उघडले गेले. पुष्कळसे मोडीत होते, आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. यात दोन धडे आहेत. एक, कागद कोणाच्या तरी ताब्यात, जबाबदारीने राहिला म्हणून शंभर वर्षांनी सापडला. दुसरा, लिपी वाचणारे संपत आले की कागद असूनही मुका होतो.

संगणकावर ही मोडी फार लवकर होते. मी नोकरीत असताना कितीतरी प्रश्नपत्रिका आणि नाटुकली तेव्हाच्या एका फॉन्टात टंकून सीडीवर ठेवली होती. आज त्या फाईली उघडतात, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची रांगोळी दिसते. युनिकोड आलं आणि आपण सुटलो, पण आधीचं ज्याने वेळेवर बदलून घेतलं नाही त्याचं गेलं. म्हणून साधा मजकूर आणि युनिकोड, यापलीकडे मी आता कशावर विश्वास ठेवत नाही.

आणि हेच आपल्या शाळा आज काय करत आहेत? शिक्षक किती सुंदर साहित्य तयार करतात! कोणी गोष्टी वाचून ठेवतं, कोणी गावाचा इतिहास मुलांकडून लिहून घेतं. ठेवतात कुठे? स्वतःच्या मोबाइलवर, एखाद्या ग्रुपवर, कुठल्याशा फुकट खात्यात. बदली झाली की खातं त्या शिक्षकासोबत जातं. निवृत्तीनंतर पासवर्डही विसरला जातो. केरळात पाहा. तिथे शालेय तंत्रज्ञान बघणाऱ्या 'काईट' या सरकारी संस्थेचा 'स्कूलविकी' आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्यावरच तो उभा आहे, २००९ पासून, मल्याळममध्ये. हजारो शाळांची पानं आहेत, मुलांनी लिहिलेला मजकूर आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या व्यवस्थेत आहे. केरळने केलं ते महाराष्ट्राला जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. आपल्याकडे विकिपीडियावर मराठी २००३ पासून नांदते आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली 'मायबोली' अजून उभी आहे. ऑर्कुटवरची मराठी मंडळं तिच्यानंतर आली आणि तिच्या कितीतरी आधी गेली. मायबोलीचं घर स्वतःचं होतं, एवढाच फरक.

कायद्याचंही एक सांगते. युरोपात २०१८ च्या मेपासून जीडीपीआर कायदा लागू आहे. त्याच्या कलम २० नुसार माणसाला आपली दिलेली माहिती वापरता येईल अशा रूपात परत मागता येते आणि दुसरीकडे नेता येते. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो नाही. याबद्दल कुठे आरडाओरड ऐकली का? मी तरी ऐकली नाही. भाडेकरूला घर सोडताना आपलं सामान नेण्याचा हक्क असतो, हे आपल्याला साधं वाटतं. मग इथे का वाटू नये?

तर माझं म्हणणं चार ओळींत. जिथे लिहाल तिथे पहिल्याच दिवशी बघा की सगळं बाहेर काढता येतं का, आणि समासासकट येतं का. प्रत एका ठिकाणी ठेवू नका, निदान तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक कागदावर. किल्ली एकाच्याच हातात देऊ नका, आणि त्यातली एक तरुण हातात द्या. आणि उतरवायची वेळ आलीच, तर सर्वांत मोलाचं सर्वांत आधी उतरवा. गोड घास शेवटी ठेवू नका.

बाबू, आता तुझ्यासाठी. वहीत 'पोळा' या पानाखाली जागा मोकळी ठेवली आहे. तू लहानपणी आईच्या कडेवर बसून तोरणाखाली झडत्या ऐकल्या आहेस. ती घरी येऊन काय म्हणायची, कोणाच्या झडतीला हसायची, ते तुलाही थोडं आठवत असेल. ते लिही. नाव आणि तारीख घालून लिही. तुझं खातं भाच्याने उघडून ठेवलं आहे, पासवर्ड फोनवर सांगते.

आणि तुझ्या वाट्याचे वीस रुपये दे, बापा. जानेवारीपासूनचे बाकी आहेत.